झुंबरातलं क्रिस्टल: काच कोणती, पैलू कसे?

झुंबरांच्या दुकानात ‘क्रिस्टल’ हे नाव निदान चार वेगवेगळ्या वस्तूंना लावलं जातं. शिसं घातलेली जड काच, बिनशिशाची ऑप्टिकल काच, साच्यात दाबून काढलेली साधी काच आणि कधी कधी चक्क अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक. चारही प्रकारचे लोलक छताला टांगून दिवे लावले की पहिल्या नजरेला सगळेच चमकतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. विक्रेता दर वेळी फसवतच असतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही घाऊक व्यापाऱ्याने ‘क्रिस्टल आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते पटतं का ते बघता येईल. झुंबर घेताना लोक काचेच्या नावाला फार भाव देतात आणि पैलूंकडे फार कमी बघतात. काच कशाची बनली यावर झुंबराचं निम्मं तेज ठरतं. उरलेलं निम्मं ती काच कशी कापली आणि घासली यावर. शिवाय दिवा चुकीचा लावला, तर दोन्हींवर पाणी.

स्फटिक आणि काच

शास्त्राच्या भाषेत क्रिस्टल म्हणजे स्फटिक, आणि काच स्फटिक नसते. हा फरक स्वयंपाकघरात रोज दिसतो. साखरेचा पाक सावकाश, दोरा सोडून ठेवला की खडीसाखर होते, तिचे कण रांगेने बसतात. तोच पाक आटवून झटकन थंड केला की कडक, पारदर्शक गोळी बनते. कणांना रांग लावायला वेळच मिळत नाही. काच ही त्या गोळीच्या जातीची.

डोंगरात सापडणारा खरा स्फटिक, म्हणजे बिनरंगी क्वार्ट्झ, आणि काच या दोन्हींचा मुख्य घटक एकच, सिलिका. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये राजेरजवाड्यांच्या झुंबरांना खऱ्या स्फटिकाचे तुकडे लावत. ते हिऱ्या-माणकांसारखे चाकावर घासून घडवावे लागत, कारण स्फटिक वितळवून साच्यात ओतायची सोय नव्हती. एकेका लोलकामागे रत्नकाराचे कित्येक दिवस. अशी झुंबरं किती घरांत परवडणार? तेव्हा स्फटिकासारखी दिसणारी पण भट्टीत बनणारी काच हवी, या एका हव्यासातून पुढचा सगळा इतिहास घडला.

सिलिका एकटी वितळवायची तर साधारण १,७०० अंश सेल्सियसची आच लागते. जुन्या भट्ट्यांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. म्हणून रेतीत क्षार मिसळायचा, सोडा किंवा पोटॅश, म्हणजे ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते. पण नुसत्या क्षाराची काच पाण्याने हळूहळू झिजते, म्हणून ती टिकवायला चुना. रेती, सोडा आणि चुना या तिघांतून खिडकीची तावदानं, बाटल्या, पेले बनतात. तावदानाची कड बघा, हिरवट दिसते. तो रेतीतल्या लोहाचा रंग. झुंबराच्या काचेचा पहिला शत्रू हे लोह. त्यामुळे पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोसारख्या अतिशुद्ध रेतीला काचकारांनी शतकानुशतकं मान दिला.

व्हेनिस, बोहेमिया, इंग्लंड

पंधराव्या शतकाच्या मध्यावर व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर आंजेलो बारोव्हिएर या काचकाराच्या कारखान्यात ‘क्रिस्तालो’ नावाची नितळ काच तयार झाली. वनस्पतींची राख पाण्यात उकळून, गाळून त्यांनी शुद्ध क्षार काढला आणि उरलासुरला रंग मारायला चिमूटभर मँगनीज घातलं. मँगनीजचा जांभळट रंग लोहाच्या हिरवटपणाला झाकतो. या युक्तीची एक मजा शेकडो वर्षांनी दिसते. मँगनीज घातलेली जुनी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. जुन्या झुंबरात एका बाजूचेच लोलक जांभळट दिसले, तर ती बाजू खिडकीकडे होती असं समजायला हरकत नाही.

राख गाळताना घाणीबरोबर चुनाही निघून जायचा, ही क्रिस्तालोची दुखरी बाजू. काही वस्तू दमट हवेत पाझरायच्या, त्यांना बारीक तडे जायचे. शिवाय ही काच पातळ, फुंकून आकार द्यायला उत्तम. तिला खोल पैलू पाडणं अवघड. म्हणूनच मुरानोच्या झुंबरांत फुलं, पानं, वळणदार फांद्या दिसतात. लखलखणारे टोकदार लोलक ही त्यांची ओळख नाही. दुकानात कोणी ‘मुरानो क्रिस्टल’ म्हणून पैलूदार लोलकांचं झुंबर दाखवलं, तर जरा थांबून विचारावं.

बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जंगलं अमाप. लाकडाच्या राखेतला पोटॅश आणि खडू मिळून सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे एक कठीण, जाडजूड, स्वच्छ काच बनू लागली. तिच्यावर चाकाने कोरीव काम करता येई. कामेनित्सकी शेनोव्ह, नोव्ही बोर, याब्लोनेत्स या उत्तर बोहेमियातल्या गावांत काचेचं काम अजूनही चालतं. १७२४ मध्ये योझेफ पाल्मे याने या भागात झुंबरांचा धंदा सुरू केला. १७४३ मध्ये प्राग इथे मारिया थेरेसाचा बोहेमियाची राणी म्हणून राज्याभिषेक झाला, आणि तिच्या नावाने ओळखला जाणारा नमुना आजही विकला जातो. ओळख सोपी आहे: वाकवलेली धातूची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंनी काचेच्या पट्ट्या आणि सांध्यांवर काचेची छोटी फुलं. लांबून पाहिलं की फांद्या पूर्ण काचेच्या वाटतात.

खरी उलथापालथ इंग्लंडात झाली. तिथे १६१५ पासून काचभट्ट्यांना लाकूड जाळायची बंदी होती. जहाजांसाठी लाकूड वाचवायचं म्हणून कोळसा वापरा, असा राजाचा हुकूम. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट हा व्हेनिसशी व्यापार करणारा माणूस. त्याने १६७४ मध्ये स्वच्छ काचेचं पेटंट घेतलं. पहिल्या मालाला क्रिस्तालोचाच रोग लागला, काचेत जाळीसारखे तडे. त्यावर उपाय म्हणून मिश्रणात शिशाचं ऑक्साइड वाढवलं गेलं आणि तडे थांबले. १६७६ पासून त्याच्या मालावर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहोर दिसू लागली. इंग्रजीत डोमकावळ्याला ‘रेव्हन’ म्हणतात, म्हणजे आडनावाचीच सही!

हे शिसं घालायचं कोणत्या रूपात? शेंदूर म्हणून. मारुतीला आणि गणपतीला परंपरेने चढणारा केशरी शेंदूर म्हणजे शिशाचंच एक ऑक्साइड. इंग्रज काचकारांचा जुना हिशेब असा: तीन भाग रेती, दोन भाग शेंदूर, एक भाग पोटॅश. भट्टीत गेलं की केशरी रंग नाहीसा होतो आणि बाहेर पाण्यासारखी काच येते. कोळशाचा धूर लागला तर मात्र शिसं काळं पडतं, म्हणून ही काच झाकणबंद कुंड्यांत वितळवत.

शिसं काचेत काय करतं

शिशाचा अणू जड, त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनांची मोठी गर्दी. त्यामुळे काचेतून जाणारा प्रकाश जास्त मंदावतो आणि जास्त वाकतो. किती वाकतो हे अपवर्तनांक सांगतो. साध्या काचेचा सुमारे १.५२, २४ टक्के शिशाचं ऑक्साइड असलेल्या काचेचा साधारण १.५५, हिऱ्याचा २.४२. आकडे बघून कोणी म्हणेल, १.५२ आणि १.५५ मध्ये असा कोणता फरक? बरोबर आहे, वाकण्यातला फरक थोडाच. पृष्ठभागावरून परत फिरणारा प्रकाशही साडेचार टक्क्यांच्या आगेमागेच राहतो. ‘शिशामुळे काच हिऱ्यासारखी होते’ हे जाहिरातीतलं वाक्य त्यामुळे सोडून द्यावं.

मोठा फरक पडतो तो रंगांच्या फाकण्यात. काचेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून लोलकातून पांढरा प्रकाश गेला की भिंतीवर सात रंग उमटतात. शिशाच्या काचेत ही फाकण साध्या काचेपेक्षा अंदाजे तिसऱ्या हिश्श्याने जास्त असते. छताखाली फिरताना एखादा लोलक क्षणभर निळा, क्षणभर नारिंगी चमकतो, ती सगळी या फाकण्याची करामत.

दुर्बिणी बनवणाऱ्यांना नेमकं हेच नको असे. रंग फाकले की चित्राच्या कडेला रंगीत झालर येते. १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने साधी ‘क्राउन’ काच आणि शिशाची ‘फ्लिंट’ काच यांची भिंगं जोडून ही झालर घालवण्याचं पेटंट घेतलं. भिंगवाल्यांनी पुढची अनेक वर्षं कमी रंग फाकवणारी काच शोधण्यात घालवली. झुंबरवाल्यांना जो गुण हवा, तो त्यांच्या लेखी दोष. हे लक्षात ठेवा, कारण आजच्या बाजारातल्या सर्वांत लोकप्रिय ‘क्रिस्टल’चा उलगडा इथेच होतो.

शिशाचे आणखी दोन फायदे कारागिरांचे. ही काच कमी आचेवर वितळते आणि सावकाश घट्ट होते, त्यामुळे आकार द्यायला वेळ मिळतो. थंड झाल्यावरही ती थोडी मऊ असते, चाकावर खोल आणि स्वच्छ कापते. पैलूंची फॅशन इंग्लंड-आयर्लंडात फोफावली त्यामागे हा मऊपणा आहे. आणि वाजवली की लांबवर घुमणारा तो नाद तर सगळ्यांना माहीत आहे. तो वाटीसारख्या पोकळ वस्तूत ऐकू येतो, लोलकात फारसा नाही. लोलकावर टिचकी मारून ‘ऐका, क्रिस्टल!’ म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करावं.

कर, राजवाडे आणि ‘बेल्जियम’

१७४५ मध्ये इंग्लंडने काचेवर वजनाप्रमाणे कर बसवला. शिशाची काच जड, म्हणजे सर्वांत जास्त फटका तिलाच. कारखानदार हलका, पातळ माल काढू लागले. १७८० मध्ये आयर्लंडला व्यापाराची मोकळीक मिळाली. तिथे हा कर नव्हता, म्हणून १७८३ मध्ये वॉटरफर्डला कारखाना उभा राहिला आणि जाड, खोल कापलेला माल तिकडून येऊ लागला. १८२५ मध्ये कर आयर्लंडलाही लागू झाला; १८५१ मध्ये वॉटरफर्ड बंद पडलं (आजचा कारखाना १९४७ नंतरचा). इंग्लंडातला कर मात्र १८४५ मध्ये उठला होता आणि बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीला मोकळं रान मिळालं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मधोमध ऑस्लरचं काचेचं कारंजं होतं: उंची २७ फूट, वजन ४ टन. फ्रान्समध्ये सें-लुईच्या कारखान्याने १७८१ च्या सुमारास शिशाची काच साधली, बाकाराच्या कारखान्याने १८१६ मध्ये.

ऑस्लरने १८४० च्या दशकातच कलकत्त्याला दुकान थाटलं होतं. हिंदुस्थानातले संस्थानिक हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. उदयपूरचे महाराणा सज्जनसिंह यांनी तर काचेच्या खुर्च्या, टेबलं आणि पलंगसुद्धा मागवला. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांचा जयविलास राजवाडा १८७४ मध्ये उभा राहिला. त्याच्या दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन सांगतात. छत पेलेल का, हे बघायला आधी वर हत्ती चढवले, अशी गोष्ट तिथला प्रत्येक वाटाड्या ऐकवतो. हत्तींचं खरंखोटं काही असो, चिंता रास्त होती. घरी झुंबर लावतानाही तीच करावी: हूक स्लॅबमध्ये बसवायचा, पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर वजन येता कामा नये.

आपल्याकडे जुनी काच दिसली की तिला ‘बेल्जियमची’ म्हणायची सवय आहे. वाड्यातला आरसा बेल्जियमचा, हंडी बेल्जियमची, झुंबरही बेल्जियमचंच. बेल्जियमची काच थोर होती, यात शंका नाही. लिएजजवळचा व्हाल सें लँबेर हा १८२६ चा कारखाना जगभर माल पाठवत असे. पण बोहेमियाचा आणि इंग्लंडचाही भरपूर माल इकडे आला. गोव्यात कवळ्याच्या शांतादुर्गेच्या किंवा मंगेशीच्या सभामंडपात, चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात मान वर करून पाहिलं, तर आधी घडण बघावी. धातूच्या फांद्यांना काचेच्या पट्ट्या असतील तर नमुना बोहेमियाचा. वरून मण्यांच्या माळांचा तंबू आणि खाली झोळी, असा सांगाडा झाकणारा आकार असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची शैली. नमुन्यांची नक्कल सगळीकडेच झाली आहे, त्यामुळे एवढ्यावरून कारखाना ठरत नाही. पण ‘बेल्जियम’ या एका शब्दावर थांबण्यापेक्षा बरं.

कायद्यातलं क्रिस्टल

युरोपात १९६९ पासून ‘क्रिस्टल’ची कायदेशीर व्याख्या आहे. शिशाचं ऑक्साइड ३० टक्के किंवा जास्त आणि घनता (तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड) किमान ३.०० असेल तर ती सर्वांत वरची श्रेणी, ‘फुल लेड क्रिस्टल’. २४ टक्के आणि घनता २.९० असेल तर ‘लेड क्रिस्टल’. या दोन्हींना सोनेरी गोल चिठ्ठी. त्याखाली दोन श्रेणी ‘क्रिस्टल ग्लास’च्या. त्यांत शिसं, बेरियम, पोटॅशियम आणि तिसऱ्या श्रेणीत जस्त यांची ऑक्साइडं मिळून १० टक्के भरली तरी चालतात. चिठ्ठी चंदेरी, एकीला चौकोनी, दुसरीला त्रिकोणी. थोडक्यात, युरोपातही ‘क्रिस्टल’ असण्यासाठी शिसं असायलाच हवं असं नाही. त्यामुळे दुकानात ‘शिसं किती टक्के?’ हा प्रश्न ‘क्रिस्टल आहे का?’ पेक्षा जास्त उपयोगी.

आज बाजारात काय मिळतं

कैरोजवळचा अस्फूर कारखाना १९६१ पासून चालतो. ३० टक्क्यांच्या शिशाच्या काचेचे, यंत्राने कापलेले लोलक हा त्याचा हुकमी माल आहे. किंमत आणि तेज यांचा मेळ घालायचा तर मला हा पर्याय रास्त वाटतो. चेक बाजूला याब्लोनेत्सची प्रेसिओसा, १९४८ मध्ये अनेक जुने कारखाने एकत्र करून बनलेली. ऑस्ट्रियाच्या वाटेन्स गावचं स्वारोव्हस्की हे या सगळ्यांत प्रसिद्ध नाव. डॅनियल स्वारोव्हस्की मूळचा बोहेमियाचाच. त्याने १८९२ मध्ये काच कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९५ मध्ये पाण्याच्या विजेसाठी टिरोलच्या डोंगरात कारखाना हलवला. झुंबराचे लोलक ही कंपनी १९६५ पासून करू लागली, आणि २०१२ मध्ये तिने काचेतलं शिसं काढून टाकलं. तरी लोलक चमकतात! कारण त्यांनी शिशाच्या जागी दुसरे घटक आणले आणि पैलूंची धार सोडली नाही.

आता ‘के-९’. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या झुंबरांत हेच नाव सर्वांत जास्त दिसतं. हा चीनमधला ऑप्टिकल काचेचा संकेत आहे: क्राउन जातीची, बोरॉन घातलेली, बिनशिशाची, अत्यंत नितळ काच. अपवर्तनांक १.५१७ च्या आसपास, घनता २.५. ही भिंगांसाठी आवडती, कारण ती रंग कमी फाकवते. म्हणजे ज्या गुणासाठी झुंबरात क्रिस्टल लावतात, त्याच गुणात के-९ खिडकीच्या काचेपेक्षाही किंचित मागेच. मग ती वाईट का? नाही. तिच्यात हिरवट झाक नाही, बुडबुडे नाहीत, आणि नीट कापली तर पांढरी, थंड, स्वच्छ चमक देते. इंद्रधनुष्याची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. दुसरी गोष्ट, बाजारात कोणत्याही स्वच्छ काचेला के-९ म्हणायची पद्धत पडली आहे. त्या नावाचा माल खरंच त्या मापाचा आहे का, हे कोणी तपासत बसत नाही.

आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं फिरोझाबाद हे बांगड्यांबरोबरच झुंबरांच्या काचेचंही गाव. आणि लग्नाच्या मांडवात टांगतात ती बहुतेक झुंबरं अ‍ॅक्रिलिकची असतात. तिथे ती योग्यच आहेत: हलकी, न फुटणारी, ट्रकमधून गावोगाव नेता येणारी. घरात कायमसाठी मात्र नको, कारण पुसून पुसून चरे पडतात आणि धार जाते.

पैलू

हाताने कापलेला लोलक तीन पायऱ्यांतून जायचा. आधी लोखंडी चाकावर रेती-पाणी टाकून ओबडधोबड पैलू, मग दगडी चाकावर गुळगुळीत, शेवटी लाकडाच्या किंवा बुचाच्या चाकावर बारीक पूड लावून झिलई. या पद्धतीत दोन पैलू जिथे भेटतात ती रेघ सुरीसारखी धारदार राहते. पुढे झिलईसाठी हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवण्याची पद्धत आली. काम झटपट, चमक भरपूर, पण कडा किंचित बोथट होतात. स्वस्तातला प्रकार म्हणजे तापलेली काच साच्यात दाबून पैलूंसकट काढायची आणि वरून आच दाखवून गुळगुळीत करायची. इथे कडा गोलावतात, पृष्ठभाग हलका लाटेसारखा राहतो, आणि नीट पाहिलं तर साच्याची शिवण दिसते.

धारेला एवढं महत्त्व का? प्रत्येक सपाट पैलू म्हणजे दिव्याची एक स्पष्ट प्रतिमा. डोळा किंवा दिवा जरा हलला की ती प्रतिमा एका पैलूवरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि त्या उडीलाच आपण लखलखाट म्हणतो. कड गोल असली तर उडी नाही, नुसती घसरण. लोलक ओलसर, मंद दिसतो. म्हणून मी सपाट, धारदार पैलूंची साधी काच घेईन, पण साच्यातून काढलेली गुळगुळीत शिशाची काच घेणार नाही. जाणकारांत यावर वाद होऊ शकतो, होऊ दे.

दिव्याचंही तसंच. मेणबत्तीची ज्योत लहान आणि हलती, म्हणून जुनी झुंबरं जिवंत दिसायची. दुधी एलईडी बल्ब लावला की प्रकाश सगळीकडून सारखा येतो, पैलूंना प्रतिमा धरायला काही उरत नाही, आणि महागडा लोलकही फुकट जातो. पारदर्शक काचेचे, आतली तार दिसणारे छोटे बल्ब लावावेत, आणि एका मोठ्यापेक्षा अनेक लहान.

शिसं घरात चालेल का?

टांगलेल्या झुंबराने घरच्यांना शिशाचा त्रास होत नाही. ते काचेच्या जाळ्यात बांधलेलं असतं. शिसं सुटतं ते आंबट द्रव बराच काळ त्या काचेत राहिला तर. म्हणून शिशाच्या क्रिस्टलच्या बाटलीत वाइन किंवा सरबत साठवू नये. धोका मुख्यतः कामगारांना, मिश्रण करताना आणि कापताना उडणाऱ्या धुळीचा. विजेच्या उपकरणांत शिशावर कडक मर्यादा घालणाऱ्या युरोपीय नियमांनीही क्रिस्टल काचेतल्या शिशाला सूट दिली आहे.

पारख

मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुनी झुंबरं आणि सुटे लोलक मिळतात. तिथे जायचं तर खिशात छोटी टॉर्च, पांढरा कागद आणि जमल्यास सोनं तोलतात तसला लहान काटा ठेवावा. कागदावर लोलक ठेवला की हिरवट, पिवळट किंवा जांभळट झाक उमगते. टॉर्च मारून भिंतीवर पडणारे रंग पाहिले की फाकण कळते; दोन लोलक शेजारी धरले तर आणखी चांगली. बोट फिरवून कड तपासावी. हाताला गार लागत नाही आणि फुलासारखा हलका आहे, तर ते प्लास्टिक.

वजनाचा हिशेब गोल लोलकात सोपा. ४० मिलिमीटर व्यासाचा भरीव गोळा साध्या काचेचा किंवा के-९ चा असेल तर सुमारे ८४ ग्रॅम भरतो, ३० टक्के शिशाचा १०० च्या वर, अ‍ॅक्रिलिकचा जेमतेम ४०. बदामी किंवा पानाच्या आकाराचा असेल तर घरी पाण्याची युक्ती करावी. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. लोलक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि काट्यावरचा आकडा वाचायचा. लोलकाच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. २.५ च्या आसपास आली तर शिसं नाही, २.९ किंवा ३ च्या वर गेली तर बहुधा आहे. ‘बहुधा’ अशासाठी की बेरियम घातलेली बिनशिशाची काचही जड असू शकते.

जुन्या झुंबरातला एखादा लोलक फुटला असेल तर नवा घेताना आकारापेक्षा रंग आधी जुळवावा. शंभर वर्षांपूर्वीच्या किंचित करड्या काचेत नवा पांढराशुभ्र लोलक लगेच डोळ्यात खुपतो. सगळे लोलक बदलून ‘नवं’ करण्याचा मोह टाळावा. झुंबराची किंमत त्या जुन्या काचेतच असते. साफ करताना वीज बंद, हातात सुती मोजे, आणि तीन भाग डिस्टिल्ड पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. फवारा थेट झुंबरावर न मारता कापडावर मारायचा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत लोलकांइतक्याच त्यांना धरणाऱ्या तारा तपासाव्या लागतात. लोखंडी तार गंजली की लोलक आपोआप खाली येतो, म्हणून बदलताना पितळी घ्याव्यात.